नव्वदच्या डोक्यावरचा ठिपका

ओमेगाच्या स्पीडमास्टर घड्याळाच्या काचेभोवती एक काळं कडं असतं. त्यावर आकडे असतात आणि त्यांतल्या ९० या आकड्यालगत एक बारीक ठिपका असतो. १९७० च्या सुमारापर्यंत हा ठिपका ९० च्या डोक्यावर असायचा. मग तो आकड्याच्या बाजूला उतरला आणि नेहमीच्या मॉडेलवर अर्धं शतक तिथेच राहिला. ५ जानेवारी २०२१ ला कंपनीने घड्याळाची नवी आवृत्ती जाहीर केली आणि ठिपका परत डोक्यावर चढला. जेमतेम मिलिमीटरभराची ही हालचाल. पण तिने जगभरातली कितीतरी प्रौढ, कमावती, एरवी शहाणी माणसं हेलावून गेली.

मी त्यांना हसत नाही. मी त्याच गोतावळ्यातली आहे, फक्त स्पीडमास्टर माझ्याकडे नाही. माझ्याकडे एचएमटीची चावीची घड्याळं आहेत आणि एक जुनं फेव्हर ल्यूबा आहे. स्पीडमास्टर माझ्या दोन मित्रांकडे आहे. ठाण्याच्या मित्राकडे आधीची आवृत्ती, तीही दुसऱ्याच्या हातून घेतलेली. नाशिकच्याने नवी घेतली. त्या दोघांच्या भांडणात गेली काही वर्षं मी पंच म्हणून बसते आहे, आणि पंचाला मिळतो तेवढाच मान मला मिळतो.

ज्यांना या वेडाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रोनोग्राफ म्हणजे पोटात स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ. वरचं बटण दाबलं की मधला लांब काटा पळायला लागतो, परत दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की शून्यावर येतो. कड्यावरचे आकडे वेग सांगण्यासाठी. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडापाशी बटण दाबायचं, पुढच्या दगडापाशी परत दाबायचं. मध्ये ४० सेकंद गेले असतील तर काटा बरोबर ९० समोर थांबतो, म्हणजे गाडी ताशी ९० किलोमीटरने चालली आहे. १९५७ मध्ये स्पीडमास्टर आलं ते मोटारशर्यतीवाल्यांना आणि इंजिनिअरांना डोळ्यांसमोर ठेवून. हे वेगाचे आकडे डायलवरून उचलून बाहेरच्या कड्यावर नेणारं ते पहिलं क्रोनोग्राफ. नावातला ‘स्पीड’ तो, अवकाशाशी त्याचा काही संबंध नव्हता.

अवकाश नंतर आलं, आणि पहिल्यांदा आलं ते खासगी मालमत्ता म्हणून. ऑक्टोबर १९६२ मध्ये वॉली शिर्रा हा अंतराळवीर स्वतःचं स्पीडमास्टर मनगटावर घालून पृथ्वीभोवती फिरून आला. त्यानंतर नासाने रीतसर घड्याळं मागवली आणि त्यांच्यावर अकरा चाचण्या केल्या. ९३ अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता, गोठवणारी थंडी, निर्वात पोकळी, दमट हवा, हादरे. शेवटपर्यंत टिकलं ते स्पीडमास्टर, आणि १ मार्च १९६५ ला त्यावर शिक्कामोर्तब झालं. जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँगने आपलं घड्याळ चांद्रयानातच ठेवलं, कारण यानातलं टायमर बंद पडलं होतं. त्यामुळे चंद्राच्या मातीवर गेलं ते बझ ऑल्ड्रिनच्या हातावरचं. पुढे ते घड्याळ वॉशिंग्टनच्या संग्रहालयाच्या वाटेवर गहाळ झालं आणि आजतागायत सापडलेलं नाही. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ चं यान अडचणीत असताना इंजिन १४ सेकंद चालवून दिशा सुधारायची होती. ते १४ सेकंद जॅक स्विगर्टने याच घड्याळावर मोजले.

असा इतिहास पाठीशी असलेल्या वस्तूला हात लावायचा म्हणजे जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करण्यासारखं आहे. गळतं छप्पर बदललं तर कुणी काही म्हणत नाही, पण गाभाऱ्यात फरशी बसवली की अख्खं गाव उभं राहतं.

ओमेगाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून २०२१ ची आवृत्ती दोन तोंडांची निघाली. आतलं मशीन नवं आणि बाहेरचा चेहरा आधीच्यापेक्षा जुना. चेहऱ्यासाठी त्यांनी साठच्या दशकातलं १०५.०१२ हे मॉडेल समोर ठेवलं, म्हणजे अपोलोच्या काळातलंच. ठिपका वर गेला. सपाट झालेल्या डायलला पूर्वीसारखी पायरी आली, कडेचा भाग थोडा खाली उतरलेला. पोलादी पट्टा घड्याळापाशी २० मिलिमीटर आणि क्लास्पपाशी १५, असा निमुळता झाला. आतमध्ये कॅलिबर १८६१ (कॅलिबर म्हणजे मशीनचा क्रमांक) जाऊन ३८६१ आलं. एस्केपमेंट (मशीनचे ठोके पाडणारा भाग) को-अ‍ॅक्सियल, हेअरस्प्रिंग (त्या ठोक्यांना ताल देणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) सिलिकॉनची, १५,००० गॉसच्या चुंबकीय क्षेत्रातही न बिघडणारं, मेटास या स्विस सरकारी मापनसंस्थेने तपासलेलं. दिवसाला शून्य ते पाच सेकंद पुढे, मागे कधीच नाही, ही त्या तपासणीची अट. आणि वेळ लावण्यासाठी चावीचं बोंड बाहेर ओढलं की सेकंदकाटा थांबतो.

ही शेवटची गोष्ट वाचून परक्या माणसाला धक्का बसेल. सेकंदाच्या हिशेबाने इंजिन चालवणाऱ्यांचं घड्याळ, आणि त्याचा सेकंदकाटा वेळ लावताना थांबत नव्हता? नव्हता. चाहत्यांनी त्यावर युक्ती शोधली होती. बोंड ओढून उलट्या दिशेला अगदी हलका दाब द्यायचा, काटा क्षणभर अडतो, रेडिओच्या ठोक्याला सोडून द्यायचा. ठाणेकर ही युक्ती इतक्या नजाकतीने करतो की घड्याळापेक्षा त्याला तिचाच अभिमान जास्त आहे. नव्यात ती निरुपयोगी झाली, हे त्याच्या नाराजीचं एक न सांगितलेलं कारण असावं असा मला दाट संशय आहे.

प्रतिक्रियांचं म्हणाल तर पट्ट्याचं बहुतेक सगळ्यांनी कौतुक केलं. त्यात नवल नाही, कारण आधीचा पट्टा शेवटपर्यंत जवळपास तितकाच रुंद राहायचा आणि मनगटावर जड व्हायचा. किमतीवर सगळ्यांनी नाकं मुरडली. हेसलाइट काचेचं पोलादी पट्ट्यासह तेव्हा ६,३०० डॉलर आणि सफायर, म्हणजे सहजी ओरखडा न पडणाऱ्या कडक काचेचं, ७,१५० डॉलर. नाकं मुरडून झाल्यावर त्यांच्यातल्याच अनेकांनी दुकानात नाव नोंदवलं. पण पट्टा आणि किंमत हे कुठल्याही वस्तूबद्दलचे विषय झाले. या घड्याळाचे म्हणून जे खास वाद झाले, त्यांत दोन मला फार आवडतात.

पहिला काचेचा. हेसलाइट म्हणजे साध्या भाषेत प्लास्टिकची काच. दाराच्या चौकटीला घासली की ओरखडा उमटतो, पॉलिशने किंवा टूथपेस्टने घासलं की जातो. आदळली तर तिचे तुकडे तरंगत फिरत नाहीत, आणि यानात काचेचे तुकडे कुणालाच नको असतात. म्हणून कट्टर मंडळी म्हणतात, चांद्रघड्याळ घ्यायचं तर हेसलाइटचंच घ्या, सफायर हे नंतरचं लाड करणं आहे. ओमेगाने या दोघांमध्ये आणखी एक फरक ठेवला. हेसलाइटच्या डायलवर कंपनीचं चिन्ह छापलेलं, सफायरच्या डायलवर धातूचं चिकटवलेलं. आता ऑल्ड्रिनच्या १०५.०१२ वर चिन्ह होतं ते धातूचं. म्हणजे चंद्रावरची काच हवी असेल तर चिन्ह नंतरच्या काळातलं मिळणार, आणि चंद्रावरचं चिन्ह हवं असेल तर काच चंद्रावर न गेलेली. कंपनीने हे मुद्दाम केलं की कसं, ते देव जाणे. पण शुद्धतेच्या आग्रहाला इतक्या सफाईने कात्रीत पकडलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्यात त्या न फुटणाऱ्या काचेची एक गोष्ट भक्त मंडळी फारशी सांगत नाहीत. १९७१ मध्ये अपोलो १५ चा कमांडर डेव्हिड स्कॉट चंद्रावर काम करत असताना त्याच्या स्पीडमास्टरची काच निखळून गेली. तिसऱ्या फेरीला तो बाहेर पडला तो स्वतःबरोबर आणलेलं बुलोव्हा कंपनीचं घड्याळ घालून. ते बुलोव्हा २०१५ च्या लिलावात १६ लाख डॉलरला गेलं. काच फुटली नव्हती हे खरं. नुसती निघून गेली होती.

दुसरा वाद रेषांचा, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा जीव त्यात आहे.

डायलच्या कडेला सेकंदांच्या रेषा असतात आणि दोन सेकंदांच्या मध्ये आणखी बारीक रेषा. १९५७ पासून प्रत्येक सेकंदाचे पाच भाग केलेले होते. त्याला कारण होतं. आतलं कॅलिबर ३२१ तासाला १८,००० ठोके द्यायचं, म्हणजे सेकंदाला पाच. काटा पाच उड्यांत सेकंद ओलांडायचा आणि प्रत्येक उडीला त्याच्याखाली एक रेष असायची. डायल आणि मशीन एकाच भाषेत बोलत होते. १९६८ मध्ये ३२१ जाऊन ८६१ आलं. ते तासाला २१,६०० ठोक्यांचं, सेकंदाला सहा. रेषा मात्र पाच भागांच्याच राहिल्या. काटा सहा उड्या मारतोय, खाली पायऱ्या पाच. उड्या आणि रेषा जुळणार त्या फक्त पूर्ण सेकंदावर. पुढे ८६१ चं १८६१ झालं तरी हे असंच, एकूण ५३ वर्षं चाललं.

२०२१ मध्ये कुणीतरी ते दुरुस्त केलं. आता सेकंदाचे तीन भाग आहेत, दर दुसऱ्या उडीला काटा रेषेवर पडतो. त्या सगळ्या बदलांमध्ये निव्वळ प्रामाणिक म्हणावा असा हा एक बदल. ठिपका वर नेणं म्हणजे आठवणींची सजावट झाली, रेषांचा बदल म्हणजे हिशेबाची दुरुस्ती. आणि त्यावर नाराजी निघाली. डायल मोकळं मोकळं दिसतं. दाटपणा गेला. यंत्रासारखं वाटायचं, ते आता वाटत नाही. माझ्या दोन्ही मित्रांचं आयुष्यात एकमत झालं ते या मुद्द्यावर. नव्या घड्याळाचा मालकसुद्धा म्हणाला, “बाकी सगळं झकास आहे गं, पण त्या रेषा जुन्याच हव्या होत्या.”

“तू कधी सेकंदाचा पाचवा भाग मोजलायस?” मी विचारलं.

“मी चहा मोजतो. चार मिनिटं.”

तेव्हा मला वाटलं की हे लोक (म्हणजे आम्ही लोक) ज्याला ‘यंत्र’ म्हणतात ते यंत्राचं चित्र आहे. खऱ्या यंत्राचं डायल त्याच्या मशीनशी जुळायला हवं. आम्हाला जुळलेलं चालत नाही, ओळखीचं हवं असतं. आणि तरी प्रत्येक तक्रार सुरू होते ती “हे एक अवजार आहे” या वाक्याने.

१९६८ कडे जरा वळून बघू. त्या वर्षी झालेला बदल २०२१ च्या मानाने कितीतरी मोठा होता. ३२१ मध्ये स्टॉपवॉचचं सगळं कामकाज खांबांच्या चाकावरून चालतं, ज्याला कॉलम व्हील म्हणतात. किल्ल्याच्या बुरुजांसारखे छोटे खांब गोलाकार उभे असतात, आणि बटण दाबलं की चाक एक पाऊल फिरून तरफा उचलतं, सोडतं. बनवायला कठीण, बघायला सुरेख. ८६१ मध्ये त्या जागी साधा कॅम आला, एक सपाट तुकडा, पुढेमागे सरकणारा. बनवायला स्वस्त आणि बिघडायला कमी जागा. गंमत म्हणजे दोन्हींच्या मुळाशी लेमानिया कंपनीचा एकच माणूस होता, आल्बेर पिगे. चाळीसच्या दशकात त्याने पहिलं मशीन घडवलं आणि साठच्या दशकात त्याचा सोपा वारसदारही त्यानेच तयार केला. आपल्याच सुंदर कामाला बाजूला सारणारं सोपं काम करणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

तेव्हा आरडाओरडा झाला नाही. स्पीडमास्टर त्या वेळी दुकानात मिळणारं एक चांगलं घड्याळ होतं आणि घेणाऱ्याला ते वापरायचं होतं. हरकत घ्यायला कुणी उरलंच असेल तर ते नासा, आणि त्यांनी १९७८ मध्ये स्पेस शटलसाठी घड्याळाच्या चाचण्या परत घेतल्या. अवजार बदललं की वापरणारा ते तपासून बघतो. नव्यातल्या ३८६१ बद्दल “हे मशीन कुठे चंद्रावर गेलंय?” असा प्रश्न चाहत्यांनी विचारला. प्रश्न बरोबर आहे, पण विचारणाऱ्यांच्या हातावर बहुधा १८६१ होतं. अपोलोच्या अंतराळवीरांच्या हातावर होती ती ३२१ ची घड्याळं. ठाणेकराने हाच बाण नाशिककरावर सोडला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “तुझंही नाही गेलेलं.” त्या दिवशी पंचाची गरज पडली नाही.

कंपनीला हे सगळं कळतं. म्हणून तिने खुद्द ३२१ परत आणलं. २०१९ मध्ये घोषणा झाली आणि जानेवारी २०२० मध्ये पोलादी घड्याळ आलं, एड व्हाइटने १९६५ मध्ये अवकाशात चालताना घातलेल्या मॉडेलच्या धर्तीवर. प्रत्येक मशीन ओमेगाच्या स्वित्झर्लंडमधल्या बिएनच्या कार्यशाळेत एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळवतो. किंमत तेव्हा १४,१०० डॉलर. १९६८ मध्ये महाग पडतं म्हणून सोडून दिलेली गोष्ट महाग आहे म्हणूनच परत विकता आली. यात फसवणूक काही नाही. मशीन खरंच सुरेख आहे. पण ‘जुनं हवं’ या मागणीचं बाजारात काय होतं, ते यातून स्वच्छ दिसतं.

त्याच मागणीची दुसरी टोकाची कथा जिनिव्हाची. नोव्हेंबर २०२१ मध्ये, म्हणजे आमचे दोघे ठिपक्यावरून भांडत होते त्याच वर्षी, १९५७ च्या सुमाराचं एक पहिल्या पिढीतलं स्पीडमास्टर लिलावात ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. त्याचं काळं डायल वर्षानुवर्षं उन्हात तापून तपकिरी झालं होतं, आणि या रंगाला संग्राहकांत वेगळाच भाव आहे. विकत घेतलं ते ओमेगाने, स्वतःच्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच सांगितलं की ते घड्याळ निरनिराळे भाग जमवून उभं केलेलं आहे, आणि त्यात आपल्याच काही माजी कर्मचाऱ्यांचा हात आहे.

हे वाचल्यावर मला चोर बाजार आठवला. जगभरच्या संग्राहकांच्या बोलीत ‘मुंबई स्पेशल’ ही एक शिवी आहे. आपल्याकडच्या जुन्या घड्याळांची डायलं नव्याने रंगवून, एकाचे काटे दुसऱ्याला लावून, चकचकीत करून विकली जातात, त्यांना हे नाव. भडक हिरवं किंवा केशरी डायल, त्यावर जरा वाकडं लिहिलेलं ब्रँडचं नाव. त्यांना ‘अस्सल’ म्हणून खपवणं ही लबाडीच, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यामागची मूळ सवय लबाडीची नव्हती. घड्याळ एकदा घेतलं की ते चालत राहायला हवं, डायल खराब झालं तर रंगवून घ्यायचं, काटा मोडला तर बसेल तो घालायचा. ज्याला रोज सकाळी कामावर जायचंय त्याला तपकिरी डायलचं कौतुक नसतं. जिनिव्हात हेच केलं तर निदान वाकडं लिहीत नाहीत, एवढा फरक.

आता दुरुस्तीचा विषय निघालाच आहे, तर २०२१ च्या बदलाबद्दल माझी खरी तक्रार सांगते. ती ठिपक्याची नाही, रेषांची नाही, किमतीचीसुद्धा नाही.

को-अ‍ॅक्सियल एस्केपमेंट ही जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज घड्याळकाराची करामत. नेहमीच्या घड्याळात चाकाचा दात पॅलेट या छोट्या तरफेच्या माणकावर घासत सरकतो आणि त्या घासण्यासाठी तिथे तेल लागतं. तेल जुनं झालं की घट्ट होतं आणि घड्याळ मागे पडायला लागतं. डॅनियल्सने मांडणी अशी बदलली की दात घासण्याऐवजी ढकलतो. तेलावरचं अवलंबून राहणं कमी झालं. ओमेगाने १९९९ मध्ये ती कल्पना बाजारात आणली. सिलिकॉनच्या हेअरस्प्रिंगला चुंबक लागत नाही. मोबाइल, लॅपटॉप, पर्सच्या बटणातला लोहचुंबक, या सगळ्यांत जगणाऱ्या आजच्या घड्याळाला ही फार मोठी सोय आहे. घड्याळ म्हणून ३८६१ हे १८६१ पेक्षा सरस आहे. यात मला शंका नाही, आणि ज्यांना आहे त्यांनी दोन्ही घड्याळं महिनाभर वापरून पाहावीत.

पण १८६१ हे कुठल्याही शहरातल्या चांगल्या घड्याळजीला कळणारं मशीन आहे. ते उघडलं की तरफा, चाकं, स्प्रिंगा, सगळं त्याच्या ओळखीच्या व्याकरणात लिहिलेलं असतं. हेअरस्प्रिंग वाकडी झाली असेल तर चिमट्याने तिचं वळण नीट करता येतं. तो हात वर्षानुवर्षांच्या सवयीने तयार होतो. सिलिकॉनला असं वळवता येत नाही. ती एकतर ठीक असते नाहीतर मोडते, आणि मोडली की नवीन घालायची. ते भाग बाहेर सहज मिळत नाहीत, घड्याळ कंपनीच्या सेवाकेंद्राकडेच जातं. म्हणजे घड्याळ आणि घड्याळजी यांच्यातलं नातं इथे बदललं. एवढ्या सगळ्या चर्चेत मी या गोष्टीबद्दल फार कमी ऐकलं. काही जुने जाणते त्यावर बोलले, बाकीचे ठिपका बघण्यात रमले. जुनी भाषा तोंडावर ठेवून आत वेगळी भाषा बोलणारी वस्तू कंपनीने दिली, आणि संग्राहकांनी तोंड तेवढं तपासलं. चेहरा इतका जुना केला नसता, तर आतलं किती बदललंय याकडे कदाचित लवकर लक्ष गेलं असतं.

याचा अर्थ मी १८६१ घ्या म्हणते आहे असा नाही. मलाच कुणी दिलं तर मी नवं घेईन, हेसलाइटचं. सेकंदकाटा थांबतो आणि पट्टा बरा आहे, एवढी कारणं मला पुरतात. मात्र ते घेताना आपण काय सोडतोय हे माहीत असावं, इतकंच.

दरम्यान बाकीचं जग पुढे गेलं. मार्च २०२२ मध्ये स्वॉचने ओमेगाच्या साथीने स्पीडमास्टरच्याच चेहऱ्याचं, बायोसिरॅमिकचं, बॅटरीवर चालणारं ‘मूनस्वॉच’ काढलं, अकरा रंगांत, आणि कित्येक शहरांत दुकानांबाहेर इतकी गर्दी झाली की शटर खाली ओढावं लागलं. ओमेगाची अब्रू गेली म्हणून गळे काढणाऱ्यांपैकी काहीजण त्याच रांगेत होते. मार्च २०२४ मध्ये पांढऱ्या लॅकर डायलचं स्पीडमास्टर आलं. ३८६१ च, रेषाही त्याच, तीन भागांच्या. त्याच्यावर मंडळी इतकी लुब्ध झाली की रेषांबद्दल कुणी फारसं बोललं नाही, आणि २०२१ च्या काळ्या डायलला एव्हाना ‘नेहमीचं’ म्हटलं जाऊ लागलं होतं.

तर गेल्या दिवाळीच्या आधी ठाणेकराचं घड्याळ मागे पडायला लागलं. सर्व्हिसिंगसाठी आम्ही तिघं दादरला गेलो, जिन्याखालच्या एका दुकानात, जिथे माझी एचएमटी वर्षानुवर्षं जातात. काकांनी १८६१ उघडलं, डोळ्याला भिंग लावलं, बटण दाबून कॅमची हालचाल बघितली आणि “तेल सुकलंय, बाकी मशीन निरोगी आहे” म्हणाले. मग नाशिककराने आपलं काढून पुढे केलं. त्याचं सफायरचं, त्यामुळे मागच्या काचेतून मशीन तसंच दिसतं.

“उघडायचं नाही ना?” काकांनी आधी विचारून घेतलं.

“नाही काका, नुसतं बघा.”

त्यांनी बराच वेळ बघितलं. “काम सुरेख आहे. पण हे आमच्याकडे यायचं नाही, ताई,” ते माझ्याकडे बघून म्हणाले. आवाजात खंत वगैरे नव्हती, टपालाचा पत्ता चुकलाय असं सांगावं तसं सांगितलं. मग घड्याळ उलटं करून डायलवर भिंग नेलं, बटण दाबलं, काटा पळताना बघितला, थांबवला. परत पळवला.

“ह्याच्या रेषा बरोबर आहेत,” काका म्हणाले. “सहा ठोक्यांचं मशीन, तीन घरं. तुमच्या त्या दुसऱ्याला पाच घरं आहेत. मी म्हणतच होतो, हे असं कुणी ठेवलं?”

ठाणेकर हताश होऊन माझ्याकडे बघायला लागला. “काकासुद्धा?” तो म्हणाला.